एका चावऱ्या मुलीची चौकशी

हॅडली कोव्ह, मेन
१४ जानेवारी

ऑड्री,

तुझा पत्ता मला एका प्रशिक्षणाच्या पानाच्या अगदी तळाशी सापडला. बारीक अक्षरात. ‘मुलं चावतात तेव्हा’ असं त्या पानाचं नाव आणि खाली तुझं. आधी वाटलं, दुसरीच कुणी ऑड्री कार्व्हर असेल. पण वाचता वाचता ‘ओरडू नका, आधी खाली बसा’ हे वाक्य आलं. चर्चच्या तळघरात आपण दोघी बालवाडी चालवायचो तेव्हा तू हे मला इतक्यांदा ऐकवलं आहेस की शंकाच उरली नाही.

हे पत्र मी रोलंडची बहीण म्हणून लिहीत नाहीये. माझा भाऊ, तुझा नवरा, समुद्रात बुडाला, मग तू गाव सोडलंस, त्यावर माझं जे म्हणणं आहे ते माझ्यापाशी राहू दे. शिक्षिका म्हणून लिहितेय. आमच्यासारख्यांनी काय वाचावं, कुणाला विचारावं, हे सांगण्याचंच काम तू तिकडे ऑगस्टा शहरात बसून करतेस ना? मग सांग.

एक मुलगी आहे, चार वर्षांची. शरद ऋतूत आली. नाव सांगायचं नसतं, तो नियम तूच मला घालून दिला होतास. ती चावते. वर्षाचं मूल दात शिवशिवतात म्हणून चावतं, तसं नाही. ही धावत येते, दात रोवते आणि सोडत नाही. आवाज करत नाही, रडत नाही. माझ्या दंडावर एकावर एक दोन खुणा आहेत. बर्निसच्या मनगटावर आहे. बर्निस अजून मदतीला आहे, बरं का, आणि अजून दुपारच्या झोपेच्या वेळी मुलांच्या आधी तीच घोरते.

तुझं पान मी वाचलं. रबराची कडी द्या, बर्फाचा तुकडा द्या, शब्द शिकवा. सगळं केलं. कडी तिनं खिडकीबाहेर फेकली. मग मी शोधायला लागले. पुस्तकांच्या दुकानात मिळतं ते सगळं आईबापांसाठी असतं. मचायसच्या वाचनालयात एक जुनं पुस्तक मिळालं, त्यात मुलाला कोपऱ्यात उभं करा म्हणून लिहिलंय. संगणकावर शोधलं तर आधी कुणीतरी गालिचे विकतं, मग लाकडी ठोकळे, मग सगळ्याच्या खाली एखादं कामाचं वाक्य, आणि ते उघडायला गेलं की इथलं नेट मान टाकतं. परवाना टिकवायला वर्षाला प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात, ते मी भरते. पण तास भरणं वेगळं आणि उद्या सकाळी काय करायचं ते कळणं वेगळं.

घरच्या पत्त्याऐवजी कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण दुसरा मला माहीत नाही. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू काय करशील याची खात्री नव्हती.

कोरीन


२ फेब्रुवारी

ऑड्री,

उत्तर आलं. ‘आपल्या विचारणेबद्दल आम्ही आभारी आहोत.’ आहोत! माझ्या आईच्या अंत्यविधीला माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच शेजारी उभी राहून तू बटाटे सोललेस आणि आता आभारी आहोत. खाली छापील यादी. मी ती चुरगाळून शेगडीशेजारच्या टोपलीत टाकली. मग बाहेर जाऊन पायरीवरचा बर्फ काढला, गरज नसताना पुन्हा एकदा काढला, आत आले आणि यादी सपाट केली. करणार काय? माझ्याकडे दुसरं आहे काय?

तर ऐक, तुझ्या यादीतल्या गोष्टींचं आमच्याकडे काय झालं.

पहिला अभ्यासक्रम ज्या बाई शिकवतात त्यांच्या मागे सुंदर खोली आहे, टोपल्या, रोपं. खोलीत मूल एकही नाही. शेवटी प्रश्न विचारतात, बरोबर उत्तराला प्रमाणपत्र. मला मिळालं. दुसऱ्यात सांगितलंय, शिक्षिकेनं दिवसातून एकदा शांत जागी पडून राहावं. बर्निस इतकी हसली की तिला मोरीचा आधार घ्यावा लागला. मदतीचा फोन नंबर लावला तर एका भल्या माणसानं कुठल्या जिल्ह्यातून बोलता विचारलं आणि मला दुसरीकडे जोडलं. तिथं संगीत. आम्ही आळीपाळीनं रिसीव्हर धरला. आता ती चाल मुलंसुद्धा गुणगुणतात.

पण एक गोष्ट चांगली निघाली, ती लपवणार नाही. ती छोटी चित्रफीत, जिच्यात शिक्षिका काहीच बोलत नाही. रडणाऱ्या मुलाच्या बाजूला जमिनीवर बसते, पाठीवर हात ठेवते आणि हात हलवत नाही. थोपटत नाही, चोळत नाही. नुसता ठेवते. मी ती पुन्हा पुन्हा बघितली. इतकी वर्षं मी थोपटतेय. त्या मुलीला थोपटलं की ती उसळते. दुसऱ्या दिवशी नुसता हात ठेवला, तर तिनं राहू दिला. ती फीत जिनं कुणी शोधून यादीत घातली असेल तिला माझा नमस्कार सांग. तू नसशील तर.

शेवटची ओळ होती, ‘सल्लागार प्रत्यक्ष येऊन वर्ग पाहतात.’ विचारलं. म्हणाले, नाव नोंदवा, शरद ऋतूपर्यंत वाट पाहावी लागेल.

आमच्याकडे तेवढा वेळ नाही. मागच्या आठवड्यात तिनं ग्लेंडा फॉल्किंगहॅमच्या नातवाचा गाल फोडला. ग्लेंडा आता बालवाडीच्या मंडळावर आहे. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, “कोरीन, त्या पोरीचं मला वाईट वाटतं. पण माझ्या नातवाला सकाळी गाडीतून उतरायची भीती वाटते.” ती म्हणते ते खरंच आहे. वसंतात मंडळाची बैठक आहे, तिथं या मुलीला ठेवायचं की काढायचं ते ठरणार.

आणि काढलं तर ती जाणार कुठे? या किनाऱ्यावर दुसरी बालवाडी गाठायची म्हणजे तासाभराचा रस्ता. तिचा बाप पहाटे बोटीवर जातो.

कोरीन


१९ फेब्रुवारी

ऑड्री,

या वेळी हातानं लिहिलंस. अक्षर बदललं नाही तुझं, अजून त्या उतरत्या ओळी.

तू सांगितलंस तसं केलं. ‘वर्तनाची अडचण आहे’ असं म्हणायचं नाही, ‘केंद्रातून काढून टाकण्याच्या बेतात आहेत’ असं म्हणायचं. पुन्हा फोन केला, तुझेच शब्द वापरले आणि पलीकडच्या बाईंचा आवाज बदलला. अशा मुलांना आधी घेतात म्हणे. मग हे आधी कुठं लिहून का ठेवत नाही, असं विचारलं. त्या म्हणाल्या, लिहिलेलं आहे, पानाच्या खाली. सगळं महत्त्वाचं पानाच्या खालीच का असतं तुमच्याकडे? पण उपकार आहेत तुझे. मार्चमध्ये बँगोरहून कुणीतरी येणार आहे.

तू विचारलंस, घरी तिच्या कोण आहे. बाप आहे. आई नाही. म्हणजे आहे, दूर आहे. बाप चांगला आहे, कष्टाळू आहे. थंडीत शिंपल्या काढायच्या बोटीवर जातो, उन्हाळ्यात लॉबस्टरचे पिंजरे टाकणार आहे. मुलीच्या वेण्या स्वतः घालतो आणि त्या इतक्या घट्ट घालतो की पोरीच्या भुवया वर ओढल्या जातात. फार बोलत नाही. लहानपणापासून तसाच.

आणखी विचारू नकोस. आईबापांनी विश्वासानं सांगितलेलं बाहेर सांगायचं नसतं.

मला सध्या स्वस्थता म्हणून नाही. रविवारी खेळण्यांची सगळी कपाटं रिकामी केली, धुतली आणि पुन्हा होती तशीच लावली. बर्निस म्हणते, तू घरी जाऊन बस नाहीतर मला तरी जाऊ दे. वळणावरच्या किराणा दुकानात बाई हवी आहे. इथल्यापेक्षा जास्त देतात आणि तिथं चावत कुणी नाही. मालकाला मी नाही म्हटलेलं नाही.

कोरीन


११ मार्च

ऑड्री,

हे पत्र पूर्ण वाच. मध्येच ठेवलंस तरी पुन्हा उचल.

बँगोरहून आल्या त्यांचं नाव होदान वारसामे. वाढल्या लुइस्टनमध्ये, स्वतः कितीतरी वर्षं दोन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवत होत्या. खोल्या गरम करायची भट्टी बंद पडली होती म्हणून कोट न काढताच त्या मुलांच्या खुर्चीत बसल्या. बर्निसनं दिलेला चहा गार होता, तोही प्यायल्या. वही काढली नाही. मी मनात म्हटलं, एवढ्या लांबून ही बाई नुसती बसायला आली.

दुपारी मुलं झोपल्यावर त्यांनी मला विचारलं, “ती चावते तेव्हा कुठे उभी असते, तुमच्या लक्षात आलंय?”

मी म्हटलं, कुठेही.

“दाराजवळ,” त्या म्हणाल्या. “आज दोनदा झालं, दोन्ही वेळा कुणीतरी दाराकडे निघालं होतं. तिच्या आणि दाराच्या मध्ये जो येतो त्याला ती चावते. सकाळी बाप सोडून जातो तेव्हा ती काय करते?”

हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. म्हटलं, सकाळी काहीच त्रास नाही. मी तिला वाळूच्या टेबलाशी गुंतवते, बाप हळूच सटकतो. रडणं नाही की ओरडणं नाही. मीच त्याला ही युक्ती सांगितली. आपण दोघी सगळ्या आयांना हेच सांगायचो, आठवतं ना?

होदान म्हणाल्या, “तो गेल्याचं तिला कळतं कधी?”

ऑड्री, वळून बघितल्यावर कळतं. रोज. तिथं बाप असतो आणि मग नसतो.

त्यांनी मला दोष दिला नाही. म्हणाल्या, खूप जणी हे करतात, त्यांनी स्वतःही केलंय, रडणारं मूल कुणालाच बघवत नाही. पण ज्या मुलीला कुणीतरी एकदा असंच न सांगता सोडून गेलंय, ती दिवसभर पहारा करते. दाराकडे कोण जातंय ते बघते. आणि जाणाऱ्याला अडवायला तिच्यापाशी दातांखेरीज काही नाही.

मी विचारलं, न सांगता गेलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, कुणी नाही, मी अंदाज केला, चुकला असेल तर सांगा.

चुकला नव्हता. तिची आई अलास्कात, कोडियाकला असते. पोर झोपेत असताना निघून गेली. सकाळी पोर उठली आणि आई कुठे म्हणून घरभर फिरली. हे मला तिच्या बापानं सांगितलं.

तिचा बाप लाइल आहे, ऑड्री. तुझा लाइल. मुलीचं नाव ओपल. ती तुझी नात आहे.

तो सप्टेंबरात परत आला, रोलंडच्या जुन्या शेडमागे भाड्यानं राहतो. पोरीला बालवाडीत घालताना माझ्याकडून शब्द घेतला की तुला कळवायचं नाही. मी दिला, कारण नाहीतर तो तिला आणणार नव्हता. पहिल्या पत्रापासून मी तुला तुझ्याच नातीबद्दल विचारत होते आणि तू मला यादी पाठवत होतीस. आता शब्द मोडतेय. होदान गेल्यापासून मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतेय. हे लिहिल्याशिवाय खाली बसता येणार नाही आणि लिहिल्यावर बसता येईल असंही नाही.

एक शेवटचं. राग म्हणून नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. लाइल बावीस वर्षांचा असताना समुद्रावरून परत आला तेव्हा घराला कुलूप होतं. कॉलेज सोडून बोटीवर गेला म्हणून तू त्याच्याशी भांडलीस, ते मी समजू शकते. नवरा गेलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही. पण तो बोटीवर असताना सामान बांधून निघून गेलीस. किल्ली मी दिली त्याला. घरात शिरून तो एकेका खोलीत गेला आणि मी अंगणात उभी होते. त्या उन्हाळ्यातच तो अलास्काला गेला.

तेव्हा ही युक्ती नुसती आपल्या तळघरातून आली नाही. आपल्या घरातही होती.

कोरीन


२ एप्रिल

ऑड्री,

तुझं उत्तर नाही. टपाल आलं की मी चप्पल न घालता बाहेर जाते आणि जाहिराती घेऊन आत येते. बर्निसनं विचारलं, कुणाची वाट बघतेस? म्हटलं, बियांच्या कॅटलॉगची. तिनं मला तिच्याकडचे तीन आणून दिले.

उत्तर नसलं तरी तुला कळायला हवं म्हणून लिहितेय.

होदानच्या सांगण्यावरून लाइलनं पहिल्यांदा दारात थांबून निरोप घेतला, तो सोमवार मी विसरणार नाही. गुडघ्यावर बसून म्हणाला, “मी बोटीवर चाललोय. जेवण होईल, झोप होईल, बाहेर खेळून होईल, मग मी येईन.” तिनं त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला. असा आक्रोश केला की आमच्या तळघराच्या वर चर्चमध्ये पियानोचा सूर लावणारा माणूस खाली बघायला आला. लाइल पांढरा पडला. माझ्याकडे बघत होता, आत्या, थांबव हे, अशा नजरेनं. आणि मला थांबवायचं होतं, ऑड्री. तोंडापर्यंत आलं होतं की जाऊ दे रे, उद्यापासून पूर्वीसारखंच करू. पण होदाननं बजावलं होतं, रडू द्या, सोबत बसा. मी तिला त्याच्या पायापासून सोडवलं, तो गेला, आम्ही दोघी दाराच्या आत जमिनीवर बसलो. पाठीवर हात ठेवला, हलवला नाही. बराच वेळ गेला. मग ती मला म्हणाली, “जेवण झालं का?” म्हटलं, अजून नाही. “झोप?” अजून नाही.

दिवसभर ती हेच विचारत राहिली. त्या आठवड्यात दर सकाळी रडली. चावायची मात्र थांबली असं नाही. एकदा बर्निसच्या पोटरीला, एकदा मला. पुढच्या आठवड्यात एकदाच. आणि ग्लेंडाचा नातू घरी निघाला तेव्हा ती तोंड उघडून त्याच्याकडे धावली, थांबली, आणि म्हणाली, “तू कुठे चाललास?” तो भिंतीला चिकटला होता. म्हणाला, “घरी. आज मॅकरोनी आहे.” तिनं त्याला जाऊ दिलं.

बैठकीत हे मी सांगितलं. होदाननं काय पाहिलं, आम्ही काय बदललं, अजून काय जमत नाही, सगळं. मंडळाचे अध्यक्ष एल्वुड क्रॉली म्हणाले, आमच्या वेळी पोरं चावली की आम्ही त्यांना चावायचो. कुणी हसलं नाही. ग्लेंडानं विचारलं, पुन्हा चावली तर? मी म्हटलं, चावेल. कमी चावेल. त्याहून जास्त वचन मला देता येणार नाही. ग्लेंडा शेवटी म्हणाली की तिच्या नातवाला खिडकीपाशी बसवा, दाराजवळ नको, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू. इतकंच. जिंकले असं वाटलं नाही, पण पोर राहिली.

दुकानाच्या मालकाला मी त्या रात्री नाही म्हणून सांगितलं.

मग लाइलला सांगायचं उरलं. धक्क्यावर तो पिंजऱ्यांच्या जाळ्या बांधत बसला होता, तिथंच गेले. म्हटलं, मी तुझ्या आईला कळवलं. त्यानं सुतळी ओढून गाठ मारली. “आत्या, तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. मोडला.”

“का?”

म्हटलं, कारण ती चावते तेव्हा काय करायचं हे शोधत मी महिनाभर फिरले आणि ज्या माणसानं मला खरी वाट दाखवली ती तुझी आई निघाली. तिला ठाऊक नसताना दाखवली. हे तिच्यापासून लपवून ठेवायची ताकद माझ्यात नव्हती.

त्यानं दुसरी गाठ मारली. मग विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, अजून काही नाही. तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. “न बोलता निघून जाणं तिला जमतं,” एवढं म्हणाला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. रोज सकाळी दारात गुडघ्यावर बसतो, पोरीला सगळं सांगतो, माझ्याकडे मान हलवतो आणि जातो.

त्याला खोटं ठरव, ऑड्री. विनवणी करतेय असं समज.

कोरीन


११ मे

ऑड्री,

तुझं पाकीट एवढं पातळ होतं की आत काही नसेल असं वाटलं. एकच ओळ. ‘तिला काय आवडतं?’

मी ती ओळ घेऊन घराच्या मागच्या पायरीवर बसले. रागावायला काही कारण सापडतंय का बघितलं, सापडलं नाही. एवढी एक ओळ लिहायला तुला किती कागद लागले असतील, ते मला कळतं. मीही तशीच आहे.

तर तिला आपल्याकडचा लाल हॉटडॉग आवडतो, पावाशिवाय, नुसतं सॉसेज. चिखल आवडतो, आणि यंदा बर्फ वितळल्यावरचे चिखलाचे दिवस संपता संपत नाहीत, त्यामुळे ती सुखात आहे. बर्निसला घोरताना बघायला आवडतं. गोष्ट वाचताना मध्येच थांबलेलं चालत नाही. कुणी मिठी मारायला आलं तर आवडत नाही, ते आधीच ध्यानात ठेव. आपण जमिनीवर बसावं, हातात काहीतरी काम असावं, मग ती हळूहळू शेजारी येते. चावणं आता क्वचित. गेल्या आठवड्यात चावली, माझ्याच अंगठ्याला. मी दाताच्या डॉक्टरकडे जायला लवकर निघाले होते आणि तिला सांगायचं विसरले. नंतर मी तिची माफी मागितली. तिनं अंगठ्याला तीन पट्ट्या लावल्या.

आता कामाचं. होदाननं मला दोन नावं दिली होती, एक जोन्सपोर्टची, घरातच सहा मुलं सांभाळते, दुसरी मचायसची. दोघींना फोन केला. आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत भेटतो. पहिल्या खेपेला चौघी होतो, परवा खोलीत खुर्च्या कमी पडल्या. कुणी सूप आणतं. एकजण आपल्या वर्गातलं एक मूल सांगते, नाव न घेता, बाकीच्या विचारतात. एकीला मुलगा बोलत नाही म्हणून काळजी, तर दुसरीकडे तसाच होता, त्याच्या कानात दोष निघाला, कुठे तपासतात ते तिनं सांगितलं. तुझी यादी आम्ही तिथं भिंतीला लावली आहे. ज्यांनी जे वापरून बघितलं त्यांनी त्यापुढे लिहिलंय. रोपांवाल्या बाईंपुढे काय लिहिलंय ते तू स्वतःच वाच. मूक चित्रफितीपुढे सगळ्यात जास्त सह्या आहेत.

तुझं ते पान बदललेलं मी पाहिलं. कडी आणि बर्फ खाली गेले. वर पहिल्याच ओळीत आता आहे, ‘मुलाला सोडून जाणारं माणूस सांगून जातं का, ते आधी विचारा.’ आणि फोन नंबर पानाच्या डोक्यावर, मोठ्या अक्षरात. जोन्सपोर्टच्या बाईनं ते वाचून मला विचारलं, ही ऑड्री कार्व्हर कोण? म्हटलं, माझी वहिनी. कितीतरी वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.

तिला इकडे बोलवा, म्हणाल्या सगळ्याजणी. आम्हाला तिला अजून विचारायचंय. म्हणून हे रीतसर बोलावणं. शनिवारी, सोळा तारखेला, वाचनालयात. ऑगस्टाहून तू सकाळी निघालीस तर दुपारच्या आत पोचशील. बैठक झाली की आमच्याकडे जेवण. राहायचं असेल तर वरची खोली रिकामी आहे. गादी मी उन्हात घातली आहे.

तुला बोलवायचं म्हटल्यावर लाइलला विचारल्याशिवाय ठरवायचं नव्हतं. एकदा शब्द मोडला तेवढं पुरे. काल संध्याकाळी धक्क्यावर गेले. म्हटलं, तुझ्या आईला शनिवारी बोलावतेय, वाचनालयात, कामासाठी. आली तर संध्याकाळी माझ्याकडे असेल. ओपलला मी बोलवू का?

महिनाभरानं तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हेच. “येऊ दे. पोरीला ने. मी समुद्रावर असेन.”

मी म्हटलं, बरं. वाद घातला नाही.

शनिवारी वारा पडणार आहे म्हणतात, समुद्र तळ्यासारखा असेल. हंगामाचे पहिले चांगले दिवस, गावातली एकही बोट मागे राहणार नाही. आज सकाळी मी मुलांना घेऊन धक्क्यावर फिरायला गेले होते, तर लाइलच्या बोटीचं इंजिन उघडं होतं. भाग काढून ताडपत्रीवर मांडलेले, सगळे पुसून, ओळीनं. ओपल त्यांच्याकडे बघत राहिली. मी विचारलं, काय बिघडलं?

“काही नाही,” तो म्हणाला. मान वर न करता. “शनिवारपर्यंत जोडून होईलसं वाटत नाही.”

कोरीन